मंगळवारच्या बाजाराचा ठराव: विदर्भातल्या एका ग्रामसभेचं प्रकरण

हे प्रकरण २०२२ च्या पावसाळ्यातलं आहे. गाव पश्चिम विदर्भातलं. त्याचं नाव, तालुका आणि माणसांची ओळख पटेल अशा खुणा मुद्दाम काढल्या आहेत. मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि तेव्हापासून पंचायत सदस्यांची प्रशिक्षणं घेतो. या प्रकरणात मी नुसता बघणारा नव्हतो. सल्ला देणारा होतो, आणि त्यातला काही सल्ला चुकला. धर्माच्या नावानं राष्ट्र मांडणाऱ्या राजकारणाबद्दल आपण दिल्लीच्या आणि जगाच्या पातळीवर पुष्कळ वाचतो. तेच राजकारण ग्रामपंचायतीच्या टेबलावर अर्ज होऊन येतं तेव्हा काय काय होतं, ते कुठंतरी नोंदलेलं असावं असं वाटलं.

पार्श्वभूमी

तीन हजारांच्या आतबाहेर लोकवस्ती. काळी जमीन, पऱ्हाटी आणि सोयाबीन, मधून तुरीच्या ओळी. कुणबी, तेली, माळी घरं जास्त. बौद्ध वस्ती मोठी. मशिदीच्या अंगाला पस्तीसेक मुसलमान घरं: एक टेलर, दोन एसटीतले चालक, बैलांना पत्री मारणारं एक घर, बाकी मजुरीवर. मारोतीच्या देवळापुढं संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराजांच्या या प्रार्थनेला कोणी कोणत्या देवाला मानतो हे विचारायची रीत नाही. मोहरमची सवारी निघते तेव्हा तिला खांदा देणाऱ्यांत हिंदू घरं पिढ्यान्पिढ्या होती. हे मी गावाला गोंडस करून सांगत नाही. याच गावात विहिरीवरून भांडणं झालेली आहेत आणि बौद्ध वस्तीतला रस्ता सगळ्यात शेवटी झाला. तरी एकत्र राहण्याची एक घडी बसलेली होती.

मंगळवारचा आठवडी बाजार ग्रामपंचायतीचा. दरवर्षी लिलाव होतो, ठेकेदार बसणाऱ्याकडून पैसे घेऊन पावती फाडतो. फळं, बांगड्या, चपला, मसाला, पोळ्याच्या आधी बैलांचा साज. यातले निम्म्याच्या आसपास दुकानदार तालुक्याहून येणारे मुसलमान.

त्या वर्षी जुलैत अतिवृष्टी झाली होती. नाल्याकाठची शेतं खरडून गेली होती, पंचनामे रखडले होते. पोरांच्या हाताला काम नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही, पण राग कुठल्या मातीत पडला ते कळायला हवं.

अडचण

जुलैच्या शेवटी मोहल्ल्यातल्या सतरा वर्षांच्या एका पोरानं मोबाइलवर स्टेटस ठेवलं. ते खरोखर वाईट होतं, देवांची टिंगल करणारं. त्याच्या वडिलांनी मारोतीच्या पारासमोर हात जोडून माफी मागितली, पोलिसांत तक्रार झाली, पोराला बोलावणं गेलं. इथपर्यंत गोष्ट कायद्याच्या वाटेनं चालली होती.

पुढच्या मंगळवारी एका फळवाल्याची गाडी उलथवली. तो फळवाला तालुक्याचा. त्या पोराचा नातेवाईक नव्हता, ओळखीचाही नव्हता. केळी चिखलात पडली, आणि माझ्या माहितीप्रमाणं त्या दिवशी ती उचलायला कोणी वाकलं नाही.

आठवड्यानं त्र्याहत्तर सह्यांचा अर्ज ग्रामसेवकाकडं आला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन विषय घ्यावेत: एक, आठवडी बाजारात मुसलमान व्यापाऱ्यांना बसू देऊ नये. दोन, हे गाव हिंदूराष्ट्राचं गाव आहे असा फलक वेशीवर लावावा. अर्जाच्या वरच्या अंगाला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "आमच्या गावात आम्हीच सरकार."

पहिली सही माझ्या विद्यार्थ्याची होती. बी.ए.ला माझ्याच वर्गात बसलेला. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राहिला, पाच एकरांत बापाला मदत करतो, वय सत्तावीस, लग्नाचं जमत नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, "सर, तुमीच शिकवलं न, लोकशाही म्हंजे बहुमताचं राज्य. आता आमी बहुमतानं ठरवून राहिलो, तं तुमाले कायचा तरास?"

हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढं जे केलं त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

समोरचे पर्याय

सरपंचबाई चाळिशीच्या आतल्या, महिला राखीव जागेवरून आलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांनी ग्रामसेवक, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आणि मला घरी बोलावलं. पाच वाटा पुढं आल्या.

ग्रामसेवकाचं म्हणणं, होऊ द्या ठराव. बेकायदेशीर आहे, गटविकास अधिकाऱ्यांकडं पाठवू, वरून स्थगिती येईल, आपल्यावर काही येणार नाही. कायद्यानं ते बरोबर होतं. ग्रामपंचायत अधिनियमात असा ठराव थांबवण्याचे अधिकार वरिष्ठांना आहेत. पण स्थगितीचा कागद यायच्या आधी हात वर केल्याचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला असता. आणि आपल्या शेजाऱ्यांनी आपल्याविरुद्ध हात वर केला हे त्या पस्तीस घरांना एकदा दिसलं, की कोणत्याही कागदानं ते पुसलं जात नाही.

पोलीस पाटील म्हणाले, विषय घेऊच नका, बंदोबस्त मागवा. भीती अशी, की मग ऐनवेळच्या विषयांत गोंधळ घालून तोच ठराव मांडला जाईल.

सभा तहकूब करण्याचीही सूचना आली. ती मीच खोडली. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात, पण तहकूब सभेला ती अट नसते. त्या दिवशी चाळीस पोरं आली आणि बाकी गाव शेतात गेलं, तर चाळीस जणच गाव झाले असते.

चौथी वाट तंटामुक्तीच्या अध्यक्षांची, आणि तीच सगळ्यात मऊ वाटत होती. त्या दुकानदारांना आपण चारचौघं सांगू, दोन-तीन महिने स्वतःहून येऊ नका, वातावरण निवळलं की या. ठराव नाही, भांडण नाही. सरपंचबाईंचा कल तिकडं झुकत होता आणि खरं सांगतो, माझाही. पण आम्ही जे थांबवायला बसलो होतो तेच यातून घडणार होतं, फक्त कागदाविना. आणि कागद नसला म्हणजे वर दाद कुठं मागणार? बाईंच्या सासूबाई आत भाकरी करत होत्या. तिथूनच त्या बोलल्या, "पोराईनं गाडी पाडली आन् घरी बसाचं त्यानं?" ती वाट तिथं मिटली.

उरली पाचवी. विषय झाकायचा नाही, अर्ज सभेत वाचून दाखवायचा, बोलायचं त्याला बोलू द्यायचं, पण मताला टाकायचा नाही, कारण तो ग्रामसभेच्या अधिकारातलाच नाही. आणि बाजाराबद्दल ज्या खऱ्या तक्रारी आहेत, वजनकाटे, जागा, पावतीपेक्षा जास्त वसुली, त्यावर सगळ्यांना सारखा लागू होणारा वेगळा ठराव घ्यायचा. हे ठरलं.

देवळापुढच्या दोन रात्री

सभेआधी मी पोरांकडं दोनदा गेलो, प्रार्थना संपल्यावर, देवळाच्या मंडपात. वीसेक जण होते, त्यात बौद्ध वस्तीतलेही तिघं. बाहेर पाऊस. या दोन रात्रींबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण प्रकरणाचा गाभा मला तिथं दिसला.

आधी घोषणेबद्दल बोललो. "आमच्या गावात आम्हीच सरकार" हे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचं वाक्य. २००९ मध्ये त्या गावानं जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. पण त्या गावात ठराव हात मोजून होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाला जरी पटलं नाही तरी विषय थांबतो, पुन्हा बोलणं होतं. पोरांना घोषणा माहीत होती, रीत माहीत नव्हती.

मग माझा विद्यार्थी बोलला. "पाकिस्तान त्याइचा, इस्रायल यहुद्याइचा. मंग आमी आमचा देश मागतो तं चुकते कुठं?" हा प्रश्न टाळून चालत नाही. तो मनापासून विचारलेला होता.

पाकिस्तानची गोष्ट मी जोगेंद्रनाथ मंडल यांच्यापासून सांगितली. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हे दलित नेते. ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये जिन्नांनी तिथल्या संविधान सभेत सांगितलं, की तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, राज्यकारभाराचा त्याच्याशी संबंध नाही. मार्च १९४९ मध्ये त्याच सभेनं उद्दिष्टांचा ठराव करून राज्याला इस्लामची चौकट दिली, आणि १९५० मध्ये मंडल राजीनामा देऊन भारतात आले. गोष्ट तिथं थांबली नाही. १९७४ मध्ये लोकांनी निवडून दिलेल्या संसदेनं घटनादुरुस्ती करून अहमदींना, म्हणजे स्वतःला मुसलमानच मानणाऱ्या एका पंथाला, मुसलमानांतून बाहेर काढलं. म्हणजे खरा मुसलमान कोण हे संसदेनं मत घेऊन ठरवलं. आधी बाहेरचे वेगळे काढले, मग आतले. ती चाळणी एकदा हातात घेतली की कुठं थांबायचं हे चाळणाऱ्यालाही ठरवता येत नाही.

इस्रायलमध्ये निवडणुका होतात, न्यायालयं आहेत, सरकारं पडतात. पण २०१८ मध्ये ६२ विरुद्ध ५५ मतांनी कायदा झाला, की त्या देशात राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा. त्याविरुद्ध रस्त्यावर आलेल्यांत द्रूझ नावाच्या छोट्या अरबी पंथाचे लोक होते, ज्यांची पोरं इस्रायलच्या सैन्यात नोकरी करतात. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसमोर ही गोष्ट मी हळू सांगितली. देशासाठी गोळी झेलायची आणि देश तुझा नाही असं कायद्यात वाचायचं.

तेवढ्यात झेडपीच्या शाळेतले एक गुरुजी बोलले. त्यांचा मुद्दा चांगला होता. इंग्लंडच्या गादीवर जो बसेल तो चर्चचा प्रमुख असतो, वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात. डेन्मार्कच्या घटनेत ल्यूथरन चर्चला राज्याचा आधार आहे. तिथं लोकशाही बुडाली का? नाही बुडाली. मी ते मान्य केलं. राज्याला धर्माचं नाव चिकटलेलं असणं आणि धर्मावरून नागरिकांच्या पायऱ्या पाडणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॅथलिक माणसाला संसदेत बसण्यापासून रोखणारे, सरकारी पदांवर घेऊ नका म्हणणारे कायदे इंग्लंडमध्ये होते. त्यातले बहुतेक १८२९ मध्ये काढले. चर्च राहिलं, पायऱ्या कमी होत गेल्या. आपला अर्ज मात्र पायरी पाडायला निघालेला होता.

पण पोरं खरी ऐकायला लागली ती श्रीलंकेच्या गोष्टीला. महिनाभरापूर्वीच, ९ जुलैला, लोक राष्ट्रपतींच्या घरात घुसले होते. तरणतलावात उड्या मारणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेले होते. मी १९५६ पासून सुरुवात केली. बंदरनायके बहुसंख्याकांची सिंहली ही एकच राजभाषा करू म्हणून निवडून आले, पंतप्रधान झाले, बौद्ध भिक्खूंचं मोठं पाठबळ त्यांना होतं. पुढं तमिळांशी समेटाचा करार केला, तो भिक्खूंच्या दबावाखाली १९५८ मध्ये मोडावा लागला, आणि सप्टेंबर १९५९ मध्ये एका बौद्ध भिक्खूनंच त्यांना गोळ्या घातल्या. १९७२ च्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं. १९८३ ते २००९ यादवी युद्ध. बौद्ध वस्तीतला एक पोरगा एवढा वेळ मागं भिंतीला टेकून बसला होता. तो पुढं सरकला. "सर, भिक्खूनं? खरंच भिक्खूनं गोळी घातली?" मी हो म्हणालो. म्यानमारचंही सांगितलं. तिथंही भिक्खूंच्या संघटनेनं धर्मरक्षणाचे कायदे मागितले, ते २०१५ मध्ये झाले. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळं सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमानांना देश सोडावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याच लष्करानं बहुसंख्याकांनी निवडून दिलेलं सरकारही उलथवलं. पोरगा बराच वेळ गप्प होता. त्याला काय वाटलं हे मी विचारलं नाही.

मग ज्यांच्या घरात लोक घुसले ते राष्ट्रपती, गोटाबाया राजपक्ष. २०१९ च्या निवडणुकीनंतर अनुराधापूरच्या स्तूपापाशी शपथ घेताना ते म्हणाले, की केवळ सिंहली मतांवर मी जिंकू शकतो हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षी संसदेत दोन तृतीयांश बळ, मग घटनादुरुस्ती करून राष्ट्रपतींच्या हातात आणखी अधिकार. करोनात मुसलमानांची प्रेतं त्यांच्या धर्माविरुद्ध जाळायला लावली. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी.

इथं मंडपात चुळबुळ झाली. युरिया मिळाला नाही तर काय होतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "सबन खत बंद? एका टाइमाले?" भाताचं पीक कोसळलं, चहाचे मळे मार खाऊन गेले, नोव्हेंबरात बंदी मागं घ्यावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये देशानं परकीय कर्जफेड थांबवली. खतबंदीचा धर्माशी थेट संबंध नव्हता, आणि दिवाळखोरीला दुसरीही कारणं होती, हे मी तेव्हाच स्पष्ट केलं. मी एवढंच विचारलं: तो निर्णय चुकतोय हे राष्ट्रपतींना तोंडावर सांगणारी संसद का उरली नव्हती? मतं कामाच्या हिशेबावर पडली नव्हती, आपला माणूस म्हणून पडली होती. ज्याला आपल्या जन्मामुळं मत मिळतं, त्याला खताचा भाव विचारता येत नाही.

बाबासाहेबांनी हे फार नेमकं मांडलंय, आणि तेही १९५५ मध्ये, भाषावार राज्यांवर लिहिताना. विदर्भाचं वेगळं राज्य असावं असं ज्यात सुचवलं, तेच ते लिखाण. राजकीय बहुमत घडतं, ते बदलतं, त्यात कोणालाही येता-जाता येतं. जमातीचं बहुमत जन्मानं येतं, त्याचं दार बंद असतं. मी पोरांना म्हटलं, मी फळ्यावर अर्धंच लिहिलं होतं. लोकशाही म्हणजे बहुमताचं राज्य, पण ते बहुमत उद्या बदलू शकेल असं हवं. यंदाच्या ग्रामसभेत तुझा ठराव पडला तर पुढच्या वर्षी तू माणसं वळवून जिंकू शकतोस. पत्री मारणारे चाचा कितीही माणसं वळवोत, ते या अर्जापुढं कधीच जिंकू शकत नाहीत. ज्या खेळात एक बाजू जन्मापासून हरलेली आहे, त्याला निवडणूक म्हणता येत नाही.

दुसऱ्या रात्री उत्तर आयर्लंडबद्दल बोललो. १९२१ पासून पन्नास वर्षं तिथं निवडणुका होत होत्या, पण प्रोटेस्टंटांची बाजूच जिंकत होती, कारण हद्दच तशी आखलेली. १९६८ मध्ये कॅलेडन नावाच्या गावात कॅथलिक कुटुंबं रांगेत असताना सरकारी घर एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला दिलं गेलं. त्या घरकुलावरून नागरी हक्कांचं आंदोलन पेटलं, आणि पुढची तीस वर्षं रक्त सांडलं. १९९८ च्या करारात त्यांनी तोड अशी काढली, की महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही बाजूंची संमती लागेल. घरकुलाची यादी हा आपल्या गावातला किती नाजूक विषय आहे! पोरं हसली नाहीत. एकानं विचारलं, "म्हंजे त्याइनं मेंढा-लेखासारखंच केलं?" तंतोतंत तसं नाही, पण वाट तीच, असं मी म्हणालो.

दोन रात्रींनी मनं बदलली असं कृपया समजू नका. त्र्याहत्तरांपैकी अकरा जणांनी सह्या मागं घेतल्या. माझ्या विद्यार्थ्यानं घेतली नाही.

ग्रामसभेचा दिवस

आदल्या दिवशी महिला सभा झाली. तिथं बाजाराचा विषय बायकांनीच काढला. "बांगड्या भराले मी तालुक्याले जाऊ? आन् तिथं तरी कोन बसते?" एवढं एकीनं विचारलं, आणि बाकी चर्चा ठेकेदार दहाच्या पावतीला वीस घेतो यावर गेली. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या गावातल्याच बायका होत्या, त्यांचीच ही तक्रार. दुसऱ्या दिवशीचा पर्यायी ठराव खरं तर तिथं तयार झाला.

१५ ऑगस्टला सोमवार होता. घराघरांवर तिरंगे लागलेले, मोहल्ल्यातही. सभेला गणपूर्तीपेक्षा कितीतरी जास्त लोक आले. सरपंचबाईंनी अर्ज पूर्ण वाचला, पोरांना बोलू दिलं. मग स्वतःचं निवेदन वाचलं. ते आम्ही तीन वेळा लिहिलं होतं. ग्रामपंचायत ही घटनेच्या अनुच्छेद १२ प्रमाणं 'राज्य'च आहे, अनुच्छेद १५ प्रमाणं राज्याला धर्मावरून भेद करता येत नाही, अनुच्छेद १९ मध्ये धंद्याचं स्वातंत्र्य आहे, म्हणून हा विषय मताला टाकण्याचा अधिकार या सभेला नाही.

त्यापुढचा परिच्छेद त्यांनी मागून घेतला होता. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत, उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावानं' अशी करावी अशी दुरुस्ती आली. आणणारे ह. वि. कामत, आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले सदस्य. मतदान झालं, ४१ बाजूनं, ६८ विरुद्ध. त्या सभागृहात देवभक्तांची कमी नव्हती. बाईंनी वाचणं थांबवून आपल्या शब्दांत सांगितलं, "मी रोज मारोतीले दिवा लावते. म्हनूनच मारोतीच्या नावानं कोनाचं दुकान उठवाले मी हात मोजनार नाई."

गोंधळ झाला. घोषणा झाल्या, तीसेक पोरं उठून गेली, कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. माझा विद्यार्थी मात्र बसून राहिला. मग बाजाराचा ठराव आला: पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त वसुली नाही, वजनकाट्यांची तपासणी, जागा सगळ्यांना एकाच नियमानं. मोठ्या बहुमतानं मंजूर.

सभा संपल्यावर ग्रामसेवक म्हणाला, नाकारलेला अर्ज इतिवृत्तात कशाला? बाईंनी तो लिहायला लावला, अर्जातल्या मागण्या, आपलं निवेदन, दोन्ही. मला आधी ते नको वाटलं होतं. आज वाटतं, तोच निर्णय सगळ्यात टिकाऊ ठरला, कारण पुढं कोणीही 'ग्रामसभेनं ठराव केला' असं सांगितलं की वही उघडून दाखवता येत होती.

त्यानंतर

दुसऱ्याच दिवशी मंगळवार. ठराव झालेला नव्हता, तरी मुसलमान दुकानदारांपैकी निम्मे आले नाहीत. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत आमच्याआधी पोचला होता. आमच्यापैकी कोणालाही त्यांना फोन करायचं सुचलं नव्हतं.

पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी, २३ तारखेला, मी बाजारात होतो. वेसण, म्होरक्या, घुंगरमाळा विकणारे म्हातारे चाचा आले होते, नेहमीच्या लिंबाखाली. माझ्या विद्यार्थ्याचे वडील वेसण घ्यायला आले. चाचांनी दोरी वितीनं मोजली, मुठीतून ओढून पीळ बघितला आणि ती परत ठेवून दुसरी, बारीक, पुढं केली. "सर्जाचं नाक अजून भरलं नाई न? जाड घालू नका. सहा मयन्यानं बदला." वडिलांनी पैसे दिले, चाचांनी कपाळाला लावून खिशात टाकले. अर्जाबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. मुलगा दहा पावलांवर मोटारसायकलवर बसून होता. तो सगळं बघत होता.

महिन्याभरानं एका रात्री वेशीजवळच्या खासगी जागेत तो फलक लागलाच. पोलीस पाटलांनी जागामालकाशी बोलून काढवला. सरपंचबाईंवर अविश्वास आणायची भाषा काही दिवस चालली, संख्या जमली नाही. दिवाळीनंतर बहुतेक दुकानदार परतले. फळवाला परतला नाही. तो आता हायवेवर गाडी लावतो. पुढच्या मोहरमला सवारीला खांदा देणारी हिंदू घरं आधीपेक्षा कमी होती, आणि ती संख्या अजून पूर्ववत झालेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझी. पोरांकडं गेलो, सरपंचांकडं गेलो, देवळात दोन रात्री बसलो, पण सभेपर्यंत मोहल्ल्यात एकदाही गेलो नाही. त्यांना वादात ओढायचं नाही, असं मनाशी म्हणत होतो. नंतर पत्री मारणाऱ्या चाचांच्या ओसरीवर बसलो तेव्हा ते म्हणाले, "आमच्याबद्दल साऱ्या गावाले इचारलं सर, आमाले कोनी इचारलं?" अल्पसंख्याकांच्या हक्कांबद्दल बोलताना त्यांना बाजूला ठेवून बोलणं, हाही त्यांना पाहुणं समजण्याचाच प्रकार झाला. महिला सभेसारखंच मोहल्ल्यातही एक बसणं व्हायला हवं होतं, आणि पर्यायी ठरावावर त्यांची सूचना हवी होती.

दुसरी चूक कायद्याची. पहिल्या मसुद्यात मी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा घातला होता. एका वकील मित्रानं तो वाचून सांगितलं, की तो मुख्यतः जातपंचायतीच्या जाचाविरुद्ध, एकाच समाजातल्या माणसांसाठी आहे. इथं तो बसत नाही. ते वाक्य सभेत वाचलं गेलं असतं तर एका चुकीमुळं बाकी खरं म्हणणंही पडलं असतं. निवेदन सभेआधी दोन दिवस फलकावर मराठीत लावलं असतं, तर उठून गेलेल्या तीस जणांतल्या काहींनी तरी ते वाचलं असतं.

तिसरी गोष्ट वेळेची. केळी चिखलात पडली त्या संध्याकाळी पाच माणसं उभी राहिली असती, फळवाल्याचं नुकसान ग्रामपंचायतीनं भरून दिलं असतं, तर अर्जाला त्र्याहत्तर सह्या मिळाल्या असत्या का, याची मला शंका आहे. आम्ही कागद येईपर्यंत थांबलो. त्या पोराच्या स्टेटसबद्दलही मोहल्ल्यात आणि गावात एकत्र बसून बोलायला हवं होतं. ज्यांच्या श्रद्धेला लागलं होतं त्यांचं लागलेलं ऐकून घेणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकवणारे शोधले.

देवळातल्या त्या गप्पा सभेच्या तोंडावर नव्हे, दरवर्षी व्हायला हव्यात, हे लक्षात आल्यावर आम्ही शाळेच्या एका खोलीत महिन्यातून एकदा बसायला लागलो. कधी आठ जण येतात, कधी चार. श्रीलंका, पोलंड, नेपाळ, जे वर्तमानपत्रात येईल ते. मोहल्ल्यातले दोघं येतात. स्टेटस ठेवणारा तो पोरगा एकदा आला, शेवटपर्यंत बसला, काही बोलला नाही.

पुढच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत माझा विद्यार्थी उभा राहिला. हातात मागच्या इतिवृत्ताची झेरॉक्स होती. बाजाराच्या लिलावाचे पैसे कुठं खर्च झाले आणि पावतीपेक्षा जास्त वसुली अजून का चालू आहे, हे त्यानं विचारलं. ठेकेदार त्याच्या जातीचा, त्याच्याच गल्लीतला. मागून पत्री मारणाऱ्या चाचांचा मुलगा उठला आणि म्हणाला, मंगळवारी माझ्याकडूनही वीस घेतले. दोघांची नावं एकाच मुद्द्याखाली वहीत लिहिली गेली. पोरानं त्या जुन्या अर्जावरची सही मात्र अजूनही मागं घेतलेली नाही.